एक लागण टाळायला खर्च किती?



माणसाच्या जिवाचा हिशेब पैशात मांडायचा? ऐकायलाच बरे वाटत नाही. पण आरोग्याची थैली मोजकी असते. एका कामावर जास्त गेले की दुसऱ्या कुणाच्या वाट्याचे कमी होते. आपल्या ‘सल ब्रियुत’मध्ये कोणते नवे औषध घ्यायचे हे ठरवणारी समिती याच पेचात असते.

एचआयव्हीचेच पाहा. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या ऑरेंज फार्म येथे ३,००० हून अधिक तरुणांची चाचणी झाली. निम्म्यांची सुंता लगेच केली, बाकीच्यांची पुढे करायची ठरली. २००५ साली निकाल आला: सुंता झालेल्यांत नव्या लागणी सुमारे ६० टक्क्यांनी कमी! (आपल्याकडे आठव्या दिवशी होते ती धर्माज्ञा म्हणून; तिचा असा हिशेब कोणी मांडत नाही.)

पुढच्या वर्षी संशोधकांनी खर्चाचे गणित केले. एका शस्त्रक्रियेला साधारण ५५ डॉलर, म्हणजे १,००० जणांचे ५५ हजार. त्यातून २० वर्षांत अंदाजे ३०८ लागणी टळतील. बाकीचा खर्च धरून एक लागण टाळायला पडतात सुमारे १८१ डॉलर. एकदा लागण झाली की जन्मभराच्या औषधांना हजारो डॉलर लागतात. तेव्हा हा सौदा स्वस्तच.

मात्र हे गणित गाउटेंग प्रांताचे. तिथे प्रौढ पुरुषांत शेकडा २५ जणांना लागण होती. जिथे हे प्रमाण शेकडा ८ च्या आसपास, तिथे तीच शस्त्रक्रिया, तेच ५५ डॉलर, पण एक लागण टाळायला ५५१ डॉलर! कारण सोपे आहे: जिथे लागण कमी, तिथे टाळण्याजोग्या लागणीही कमी.

भारतात तर प्रौढांमध्ये शेकडा एकालाही लागण नाही. तिथे सरसकट सगळ्यांवर पैसा ओतून भागत नाही. म्हणून ‘नाको’चे काम देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, सुईने नशा करणारे, लांब पल्ल्याचे ट्रकचालक अशांवर एकवटले. काहींना वाटते, ‘अशा लोकांवर’ खर्च कशाला? पण तिथे टळलेली एक लागण पुढे कुणाच्या तरी घरातल्या बायकोची आणि बाळाची लागणही टाळते.

आफ्रिकेच्या हिशेबात एक धास्तीही धरली होती. सुंता झाली, आता भीती नाही, असे समजून पुरुष बेफिकीर झाले तर? मग टळणाऱ्या लागणी घटतात आणि दर लागणीमागचा खर्च चढतो. ६० टक्के म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे; निरोध लागतोच.