पेंटबॉल : सहलीला जाणाऱ्या आपल्या मुला-मुलींसाठी

वालीव, गोखिवरे, सातिवली या पट्ट्यातील कारखान्यांत आणि गाळ्यांत आपली पुष्कळ मुले-मुली कामाला आहेत. पूर्वी कंपनीची सहल म्हणजे अर्नाळ्याचा किनारा, नाही तर वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडे. आता बस करून लोणावळ्याला नेतात. तिकडे साहसी खेळांची मैदाने झाली आहेत, कुणेगावचे डेला अॅडव्हेंचर पार्क हे त्यातले नावाजलेले. अशा ठिकाणी पेंटबॉल नावाचा खेळ असतो.

मैदानावरचा पंच, म्हणजे मार्शल, पाच-दहा मिनिटांत भराभर इंग्रजी शब्द सांगून मोकळा होतो. ऑफिसमधील मुले मान डोलावतात. मशीनवर व्हर्निअर बिनचूक वाचणारा आपला मुलगा मात्र "मी फोटो काढतो" म्हणत बाजूला होतो, किंवा न समजताच आत शिरतो. यातले दुसरे जास्त वाईट, कारण या खेळात एका चुकीने डोळा जाऊ शकतो. म्हणून हा लेख.

हा खेळ कुठून आला ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत जंगलातील तोडायच्या झाडांवर आणि कळपातल्या गुरांवर लांबून रंगाची खूण करण्यासाठी एक पिस्तूल निघाले होते. नेल्सन ही रंगाची कंपनी आणि डेझी ही छऱ्याच्या बंदुका करणारी कंपनी, या दोघींचे ते काम. खूण करणारे म्हणून 'मार्कर'. आजही जाणकार खेळाडू 'गन' न म्हणता मार्करच म्हणतात. पुढे एक लेखक आणि एक शेअर दलाल यांच्यात वाद लागला की, जंगलात शहरी माणूस टिकेल की रानातला. त्याचा निकाल लावण्यासाठी २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशायर राज्यातील हेनिकर येथे बारा जण हे मार्कर घेऊन जंगलात उतरले. ठिकठिकाणी ठेवलेले झेंडे गोळा करून बाहेर पडायचे होते. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा जंगलात काम करणारा माणूस, आणि त्याने सबंध खेळात एकही गोळी झाडली नाही! दलाल आणि डॉक्टर मंडळी एकमेकांवर रंग उडवीत असताना तो गुपचूप झेंडे उचलत फिरत होता.

आता साहित्य. गाळ्यात काम करणाऱ्याला यात अवघड काही नाही. सीओटू वेल्डिंग ज्याने केले आहे, त्याला अर्धा मार्कर आधीच माहीत आहे. कार्बन डायऑक्साइडची किंवा दाबलेल्या हवेची लहान बाटली, दाब उतरवणारा रेग्युलेटर, गळती थांबवणाऱ्या ओ-रिंगा, आत पुढे-मागे सरकणारा बोल्ट, स्प्रिंग आणि पुढे नळी, म्हणजे बॅरल. वर जो डबा बसवतात तो हॉपर. त्यात साधारण दोनशे गोळ्या मावतात. ट्रिगर एकदा दाबला की एक गोळी सुटते.

सीओटूच्या बाटलीत साध्या हवामानात दर चौरस इंचाला सुमारे ८५० पौंड दाब असतो आणि उन्हात तो आणखी चढतो. म्हणून बाटली उन्हात टाकू नये आणि आपण होऊन काढू-बसवू नये. बाटली फिरवताना तिच्या डोक्याचा व्हॉल्व्हच आटे सोडून निघाला, तर बाटली बाणासारखी सुटते. अमेरिकेत यात माणसे दगावलेली आहेत. ते काम मार्शलचे.

गोळी औषधाच्या कॅप्सूलसारखीच असते. वरून जिलेटिनचे कवच, आत पाण्याने धुऊन निघणारा रंग. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. या वस्तूंना हात लावणाऱ्यांना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवले, तेही कॅप्सूल बिनतक्रार गिळतात, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

आणि मास्क. बंधू-भगिनींनो, बाकी सगळे विसरलात तरी चालेल. गोळीचा व्यास सुमारे १७ मिलिमीटर, वजन तीन ग्रॅम, आणि तिला सर्वसाधारणपणे सेकंदाला ३०० फूट एवढी कमाल गती देतात. म्हणजे ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. क्रिकेटचा चेंडू डोळ्यावर आला तर भुवईचे आणि गालाचे हाड बराचसा मार झेलते, कारण चेंडू खोबणीपेक्षा मोठा असतो. ही गोळी खोबणीपेक्षा लहान आहे. ती सरळ बुबुळावर बसते. आत रक्त साचते, पडदा सुटतो, कधी नजर कायमची जाते. अशा इजा बहुतेक वेळा मास्क न घातलेल्यांना किंवा तो क्षणभर वर केलेल्यांना झाल्या आहेत.

मास्क वर का करतात? तर काच घामाने धुरकट होते म्हणून. आपल्याकडच्या दमट हवेत तर होतेच. ग्राइंडरवर बसलेला कामगार याच कारणाने चष्मा कपाळावर चढवतो आणि तेवढ्यात कण उडतो. मैदानात काच धुरकटली तर मास्कला हात न लावता एक हात वर करा, मार्शलला मोठ्याने हाक मारा आणि त्याचा हात धरून बाहेर या. बाद झालात तरी बाहेरच्या जाळीपलीकडे जाईपर्यंत मास्क तोंडावरच. नंबरचा चष्मा असेल तर त्यावर बसणारा मास्क मागून घ्या. पट्टा सैल असेल, काचेला तडा असेल, तर बदलून मागा, लाजू नका. वेल्डिंगचा चष्मा किंवा मोटारसायकलचा गॉगल इथे चालत नाही.

तरीही डोळ्याला लागलेच, तर चोळू नये, दाबू नये. कागदी पेल्यासारखे काहीतरी टेकू न देता वर धरून त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यावे. थोड्या वेळाने दिसू लागले तरीही न्यावे.

नियम मैदानागणिक थोडे बदलतात. खेळ सुरू होण्याआधी मार्करची गती यंत्रावर मोजतात, त्या यंत्राला क्रोनो म्हणतात. ती मोजली का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दोन संघ, मध्ये ड्रम, टायर किंवा फुगवलेले आडोसे; ते बंकर. झेंडा पळवून आणणे किंवा समोरच्या सर्वांना बाद करणे, असे डाव असतात. गोळी अंगावर फुटून रंग लागला तर बाद. न फुटता उडाली तर तो बाउन्स, खेळ चालू. बाजूच्या बंकरवर फुटून शिंतोडे उडाले तरी सहसा बाद धरत नाहीत. शंका आली की 'पेंट चेक' म्हणून ओरडायचे, मार्शल येऊन पाहतो. बाद झालेल्याने "हिट" म्हणत हात वर करून चालू पडायचे. त्याच्यावर पुन्हा गोळी झाडायची नाही. रंग पुसून खेळत राहणे ही सरळ चोरी आहे. अगदी जवळ, दहा-पंधरा फुटांवर समोरचा सापडला, तर गोळी न मारता त्याला शरण यायला सांगतात. खेळ थांबला की बॅरलच्या तोंडावर कापडी पिशवी चढवायची आणि ट्रिगरवरचे बोट काढायचे.

आमच्या काही उपासिका भगिनी विचारतात, पंचशील घेणाऱ्या घरातील पोराने हातात बंदूक का धरावी? प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की, कबड्डीत गडी बाद होतो तसाच इथेही होतो. कोणाचा जीव घेण्याची भावना त्यात नसावी. पण "मारला", "उडवला" अशी भाषा आणि बाद झालेल्यावर मुद्दाम चार गोळ्या झाडण्याची हौस दिसली, तर आईने खुशाल कान धरावा. कोणाला हा खेळ मुळीच नको असेल, तर नको म्हणायलाही लाज नाही.

कपडे जुने, पूर्ण बाह्यांचे घाला. पायांत बूट हवेत, चप्पल नको. मुलींनी ओढणी आणि कानातले लोंबते दागिने काढून ठेवावेत. एवढे करूनही अंगावर काळेनिळे वळ उठतात. काही दिवसांत जातात.

राहिला पैशाचा भाग. कारकुनी डोक्याला तो आधी दिसतो. तिकिटात ठराविक गोळ्या मिळतात आणि पुढच्या गोळ्यांचे पैसे वेगळे लागतात. नवखा माणूस भीतीने ट्रिगर दाबत सुटतो आणि पहिल्या पन्नास गोळ्या पाच मिनिटांतच संपवतो. मग भरात येऊन वरच्या गोळ्या घेतो, आणि कंपनी फक्त तिकिटाचे देणार असते. दिवसाची हजेरी अशी रंगात जाते. तेव्हा तिकिटात किती गोळ्या, वरचा दर काय, मास्कचे भाडे धरले आहे का, हे बसमधून उतरताच विचारावे, जमल्यास पावतीवर लिहून घ्यावे. पैसे वाचवायला जमिनीवर पडलेल्या गोळ्या उचलून हॉपरमध्ये टाकू नका. ओलीने त्या फुगतात, नळीतच फुटतात आणि मार्कर अडकतो. मातीचा खडा चिकटलेला असेल तर तो समोरच्याच्या अंगावर जातो.