बटणामागची चिठ्ठी

दवाखान्यात नंबर लावायचा म्हणून परवा आपाने, माझ्या थोरल्या बहिणीने, मोबाइल माझ्यापुढे धरला. पलीकडून यंत्र, म्हणजे बॉट, बोलत होते. टाइप करायला सांगितले असते तर आपा तिथेच अडली असती. पण संदेशाखाली तीन बटणे होती. तिने 'सकाळी'वर बोट टेकवले. नंबर लागला!

मंडळी, हे होते कसे? टेलिग्रामचे उदाहरण घेऊ. त्यांनी २०१५ साली बॉट बनवण्याची सोय खुली केली आणि एप्रिल २०१६ मध्ये संदेशाला जोडलेली बटणे आणली. बटणावर आपल्याला शब्द दिसतो. त्यामागे एक छोटी चिठ्ठी दडलेली असते. बटण दाबले की बॉटकडे जाते ती चिठ्ठी. बॉटने 'पोचली' अशी पावती द्यायची असते. नाहीतर दाबणारा ताटकळत राहतो.

चिठ्ठीत जागा फक्त ६४ बाइटची. देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते, काना-मात्रासुद्धा! म्हणजे जेमतेम एकवीस चिन्हे. म्हणून चिठ्ठीत एखादा आकडा किंवा खूण ठेवावी आणि मराठी शब्द बटणावर नीट लिहावा.

आपाला मात्र आणखी एक विचारायचे होते. "मला जिना चढवत नाही, डॉक्टर खाली येऊन तपासतील का?" त्याचे बटण नव्हते. तिने मुकाट्याने मोबाइल खाली ठेवला.

बटणे जरूर असावीत. पण त्यांतले एक कायम असावे: 'माणसाशी बोला'.