रक्ताची गोष्ट : 21 दिवसांचा फेरा

  कोयनानगरच्या एका ताईंचं पत्र आलं आहे आणि ते ताटकळत ठेवणं मला पटत नाही. त्यांच्या तीन वर्षांच्या लेकीच्या पांढऱ्या पेशी एका तपासणीत घसरलेल्या, पुढच्या तपासणीत ठणठणीत. लॅबही बदलून झाली. पत्रासोबत त्यांनी कालनिर्णयाच्या पानांचे फोटो पाठवले आहेत. 5 जूनच्या चौकोनात बारीक अक्षरात ‘तोंड आलं, ताप’. मग 26 जून. मग 17 जुलै.

दर वेळी बरोबर 21 दिवस!

एका रिपोर्टात एकूण पांढऱ्या पेशी 5200, त्यात जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी 6 टक्के. 5200 चे 6 टक्के, म्हणजे न्यूट्रोफिल 312. एकूण आकडा पाहून कुणी दचकणार नाही, पण न्यूट्रोफिल 500 च्या खाली म्हणजे गंभीर कमतरता. पत्रावरून निदान होत नाही. तरी अशा तारखा दिसल्या की सायक्लिक न्यूट्रोपेनियाचा विचार करायलाच हवा. या आजाराची नोंद 1910 पासून आहे, आणि त्यामागचा ईलेन जनुकातला दोष 1999 मध्ये सापडला. अस्थिमज्जेतलं न्यूट्रोफिलचं उत्पादन साधारण दर तीन आठवड्यांनी आटतं, काही दिवसांनी पुन्हा सुरू होतं. चांगल्या दिवसात रक्त घेतलं की रिपोर्ट नॉर्मल येणारच. त्यात लॅबचा काय दोष?

म्हणून सहा आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायची. साधी तपासणी आहे, पण नेमकी हीच टाळली जाते, कारण लेकराला इतक्यांदा सुई टोचायला कुणाचं मन धजावत नाही. आलेख फेरा दाखवू लागला, तर जनुक तपासणीचं डॉक्टरांशी बोला. परळला केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांवरही काम करते.

उपचार आहे. न्यूट्रोफिल वाढवणाऱ्या जी-सीएसएफचं इंजेक्शन कातडीखाली, रोज किंवा दिवसाआड, थोड्या मात्रेत. 1989 मध्ये या आजारात त्याचा उपयोग दिसला. फेरा पुसला जात नाही, पण आखूड होतो; तळाचे दिवस कमी होतात, तोंड येणं, ताप येणं कमी होतं. औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं, फ्रीजरमध्ये कधीच नाही. कराडहून एसटीने आणताना बर्फ थेट लागू देऊ नका आणि पावसाळ्यात वीज गेली की फ्रीज उघडू नका.

पपईच्या पानांचा रस आणि टॉनिकं यांनी हा फेरा थांबत नाही. पण न्यूट्रोपेनिया दर वेळी सायक्लिकच असतो असं नाही. लहानग्यांत जास्त आढळणारा त्याचा ऑटोइम्यून प्रकार बहुतेकदा चार-पाच वर्षांच्या वयापर्यंत आपोआप जातो. त्यात कित्येकदा इंजेक्शनही लागत नाही. औषध सुरू करण्याआधी प्रकार ओळखायचा तो यासाठीच.

ताई, ती कालनिर्णयाची पानं सगळ्या रिपोर्टांसह बालरक्तरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि ताप 100.4 फॅरनहाइटला पोहोचला, तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री, पाऊस कितीही असो, हॉस्पिटल गाठा.