थंडीची बेगमी : शरद ऋतू, लोकर आणि दोन सुया



इंग्रजीच्या पुस्तकात 'ऑटम'चा धडा आला की चित्र ठरलेलं असतं. लाल-पिवळी पानं गळतायत, मुलांच्या गळ्यात मफलर, खुर्चीत बसलेली आजी काहीतरी विणतेय. आपली मुलं ते चित्र बघतात आणि मग खिडकीबाहेर बघतात. बाहेर ऑक्टोबरचं कडक ऊन! पंखा फुल्ल, शर्ट घामानं चिकटलेला. एखादं मूल विचारतंच, "सर, आपल्याकडे ऑटम का येत नाही?"

या एका प्रश्नातून भूगोल, विज्ञान, गणित, भाषा आणि कार्यानुभव असे पाच विषय शिकवता येतात. त्यासाठी लागतो लोकरीचा एक गुंडा आणि दोन सुया. कसं, ते पाहू.

आपला शरद म्हणजे पानगळ नव्हे

'ऑटम'ला आपण मराठीत शरद म्हणतो, पण दोन्हींचं रूप वेगळं आहे. आपले ऋतू सहा, प्रत्येकी दोन महिन्यांचे. आश्विन आणि कार्तिक मिळून शरद. आपल्याकडची पानगळ मात्र शिशिरात, म्हणजे माघ-फाल्गुनात होते. थंड प्रदेशातली झाडं गोठवणाऱ्या हिवाळ्याआधी पानं टाकतात. आपल्याकडची बरीच झाडं पुढच्या कोरड्या दिवसांत पाणी वाचवण्यासाठी पानं टाकतात. कारण वेगळं, म्हणून वेळही वेगळी.

मग आपला शरद ओळखायचा कसा? साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस माघार घेतो. आकाश निरभ्र होतं. जमीन अजून ओली असते, त्यामुळे वर ऊन आणि हवेत दमटपणा, हीच आपली 'ऑक्टोबर हीट'. पण रात्री ढगांचं पांघरूण नसल्यामुळे जमिनीची उष्णता वर निघून जाते आणि पहाटे गारवा जाणवायला लागतो. दुपारी पंखा आणि पहाटे चादर, अशी ही दोन ऋतूंची वेस.

दिवसही लहान होत जातो. जूनच्या शेवटी पुण्यात सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, नोव्हेंबरच्या मध्याला तो सहाच्या सुमारासच जातो. घरात याच दिवसांत ट्रंका उघडतात, गोधड्या उन्हात पडतात, डांबराच्या गोळ्यांच्या वासाचे स्वेटर बाहेर निघतात आणि "अरे, हा तर तुला आखूड झाला!" असा शोध लागतो.

उकाड्यात लोकर कशाला?

घाम येत असताना लोकर हातात का घ्यायची? याचं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. पापड, कुरडया, सांडगे आपण कधी करतो? भर उन्हाळ्यात. लागतात कधी? पावसाळ्यात. याला आपल्याकडे बेगमी म्हणतात. पुढच्या ऋतूची तयारी आधीच्या ऋतूत करायची. स्वेटर ही थंडीची बेगमी. थंडी पडल्यावर टाके घातले, तर स्वेटर तयार होईपर्यंत उन्हाळा येईल!

हे मुलांना नुसतं सांगू नका, त्यांच्याकडून हिशेब करून घ्या. समजा, १५ सेंटीमीटर रुंद आणि १०० सेंटीमीटर लांब असा लहान मुलाचा मफलर विणायचा आहे. जरा जाड लोकर घेतली आणि नुसते सुलट टाके घेतले, तर १० सेंटीमीटरमध्ये सुमारे २० टाके आणि ४० ओळी बसतात.

- रुंदीला टाके : ३०
- लांबीला ओळी : ४००
- एकूण टाके : ३० × ४०० = १२,०००
- नवशिक्या हाताचा वेग मिनिटाला १० टाके धरला, तर १,२०० मिनिटं, म्हणजे २० तास
- रोज अर्धा तास विणलं, तर ४० दिवस

आता कॅलेंडर उघडा. कोजागिरीला, म्हणजे आश्विन पौर्णिमेला टाके घातले, तर चाळीस दिवसांनी कार्तिक वद्य दशमीच्या सुमारास मफलर हातात येतो. मार्गशीर्ष लागायला तेव्हा जेमतेम पाच दिवस उरलेले असतात. म्हणजे थंडी पडायला आणि मफलर पूर्ण व्हायला एकच गाठ!

आजच्या मुलांना हे कळणं फार गरजेचं आहे. मोबाइलवर बोट लावलं की दोन दिवसांत वस्तू दारात येते. ती बनायला लागलेले तास, हात आणि श्रम मुलांना दिसतच नाहीत. ज्यानं स्वतः बारा हजार टाके घातले, ते मूल मफलर बसमध्ये विसरून येणार नाही. आणि दुसऱ्या कुणी हातानं केलेल्या वस्तूला "एवढे पैसे?" म्हणतानाही जरा थांबेल.

'विणणे' हा शब्द एक, कामं अनेक

मराठीत आपण स्वेटर विणतो, घोंगडी विणतो, टोपली विणतो आणि खाटही विणतो. सुगरण तर खोपा विणते. भाषेच्या तासाला मुलांना विचारा : या सगळ्यात सारखं काय आणि वेगळं काय?

घोंगडी मागावर विणतात. त्यात उभे धागे वेगळे, आडवे धागे वेगळे आणि ते एकमेकांच्या खाली-वरून जातात. असं कापड फारसं ताणलं जात नाही. स्वेटरमध्ये मात्र धागा एकच. त्याचं एक वेढं दुसऱ्या वेढ्यातून ओढून घ्यायचं, त्यातून तिसरं. ही वेढी ताणली की लांबतात, सोडली की परत येतात. म्हणून बटण नसलेला स्वेटरही डोक्यातून आत जातो. शाळेच्या शर्टाचा आणि जुन्या स्वेटरचा तुकडा भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवा, फरक लगेच दिसेल.

इथे घोंगडीबद्दल थोडं सांगायलाच हवं. आपल्या पठारावरच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते. धनगर मेंढ्या राखतात, त्यांची लोकर कातरतात आणि सणगर समाजातले कारागीर त्यापासून मागावर घोंगड्या विणत आले आहेत. पावसाळा संपला की पश्चिम महाराष्ट्रातले बरेच मेंढपाळ कळप घेऊन कोकणाच्या दिशेनं निघतात. तिथे शेतकरी त्यांचे कळप शेतात बसवून घेतात, कारण लेंड्यांचं खत मिळतं. शरद ऋतूतलं हे स्थलांतर आपल्या भूगोलाच्या धड्याला सहज जोडता येतं.

आणि वाक्प्रचार? नात्याची वीण घट्ट असते, ती उसवतेही. हे शब्द कुठून आले, ते हातात सुया घेतल्यावर मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

स्वेटर खरंच ऊब 'देतो' का?

बहुतेक मुलं म्हणतील, "हो! स्वेटर गरम असतो." मग हा प्रयोग करा. बर्फाचे दोन सारखे खडे दोन छोट्या प्लॅस्टिक पिशव्यांत बांधा. एक पिशवी स्वेटरमध्ये नीट गुंडाळा, दुसरी तशीच बाकावर ठेवा. आधी विचारा : कोणता बर्फ लवकर वितळेल? निम्मा वर्ग तरी "स्वेटरमधला" म्हणेल. अर्ध्या तासानं पिशव्या उघडा. स्वेटरमधला बर्फ जास्त शिल्लक असतो!

म्हणजे स्वेटर उष्णता तयार करत नाही, तो तिला अडवतो. लोकरीचा तंतू कुरळा असतो. त्या कुरळेपणात आणि टाक्यांच्या मधल्या जागेत हवा अडकते. हवा ही उष्णतेची मंद वाहक, म्हणून आपल्या अंगाची उष्णता बाहेर जात नाही आणि बर्फाच्या बाबतीत बाहेरची उष्णता आत येत नाही. आता मुलांनाच पुढचा प्रश्न टाका : फार घट्ट विणलेला स्वेटर जास्त उबदार की थोडा सैल विणलेला?

अजून एक गोष्ट. दुकानात आपण 'लोकर' म्हणून जे गुंडे घेतो, त्यातले बरेचसे ॲक्रिलिकचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे असतात. मेंढीची लोकर हे केसांसारखंच केराटिन नावाचं प्रथिन आहे. शिक्षकांनी स्वतः, चिमट्यात धरून, धाग्याचा छोटा तुकडा जाळून दाखवावा. मेंढीच्या लोकरीला केस जळल्यासारखा वास येतो. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची कडक गाठ होते. शिकायला ॲक्रिलिक चांगलंच, कारण ते स्वस्त असतं आणि सहज धुता येतं. फक्त आपण काय वापरतोय, ते माहीत असावं.

त्रैराशिक सुईवर

विणणाऱ्या बायका सुरुवात नेहमी छोट्या नमुन्यानं करतात. चार-पाच इंचांचा चौकोन विणून टाके मोजतात, कारण प्रत्येकीचा हात वेगळा. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. सातवी-आठवीच्या मुलांना हे उदाहरण द्या.

नमुन्यात १० सेंटीमीटरला २२ टाके बसले. मुलाची छाती ६६ सेंटीमीटर. स्वेटर सैल हवा म्हणून ६ सेंटीमीटर जास्त धरले, एकूण ७२. पाठीचा भाग त्याच्या निम्मा, म्हणजे ३६ सेंटीमीटर. टाके किती? ३६ × २.२ = ७९.२. पण खालची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी घ्यायची असेल, तर टाक्यांची संख्या चारच्या पटीत हवी. म्हणून घ्या ८०. इथे मापन आलं, प्रमाण आलं, दशांश आले, पट आले आणि उत्तर अंगात घालून तपासता आलं!

सुयांचे जुने नंबरही गमतीचे आहेत. आठ नंबरची सुई ४ मिलीमीटर जाड, दहा नंबरची ३.२५ मिलीमीटर. नंबर वाढतो तशी जाडी कमी होते.

टाका गळला तर?

विणताना टाका गळतोच. लक्ष गेलं नाही, तर तो ओळी-ओळीनं खाली धावतो आणि शिडीसारखी फट पडते. मग क्रोशाच्या सुईनं तो वर उचलून घ्यायचा, किंवा तिथपर्यंत उसवून पुन्हा विणायचं.

वहीत चूक झाली की लाल रेघ येते आणि ती तशीच राहते. विणकामात चूक दिसते, सापडते आणि दुरुस्त होते. उसवलेली लोकर वाया जात नाही. आपल्याकडे आखूड झालेला स्वेटर उसवायचे, लोकरीची लडी करून धुवायचे, ओल्यानं तिचे पीळ सरळ करून वाळवायचे आणि त्यात नवा रंग मिसळून धाकट्यासाठी नवा स्वेटर विणायचे. पुनर्वापराचा धडा यापेक्षा वेगळा काय असतो?

"हे मुलींचं काम" म्हणणाऱ्यांसाठी

मोजे विणणारं पहिलं यंत्र १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम ली नावाच्या धर्मोपदेशकानं बनवलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ब्रिटिश जलतरणपटू टॉम डेली, म्हणजे उंचावरून पाण्यात सूर मारणारा सुवर्णपदक विजेता, प्रेक्षकांत बसून शांतपणे विणत होता. त्याचे फोटो जगभर गेले. वर्गात मुलगे हसले, तर त्यांना हे सांगा आणि पहिली सुई त्यांच्याच हातात द्या.

हातकामातून शिक्षण ही कल्पना आपल्या मातीत नवी नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती. हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्यबिंदू असावा, हा महात्मा गांधींचा विचार तिथे मांडला गेला आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याची शिफारस आहे. तरतूद आहे, पण परीक्षा जवळ आली की कार्यानुभवाचा तास गणिताला 'उसना' जातो आणि परत मिळत नाही. वरचं उदाहरण पाहिलंत, तर लक्षात येईल की सुया हातात घेऊनही गणितच होतं.

सुरुवात कशी करावी?

- पहिली-दुसरी : सुया नकोत. बोटांवर लोकर गुंडाळून साखळी विणू द्या. तिचं तोरण करून दिवाळीला वर्गाच्या दाराला लावा.
- तिसरी-चौथी : जाड लोकर, बांबूच्या गुळगुळीत केलेल्या बोथट सुया. पंधरा टाके, नुसते सुलट. एक हातरुमालाएवढा चौकोन पुरे.
- पाचवी ते आठवी : सुलट-उलट, नमुना, मोजमाप आणि मफलर. सोबत नोंदवही : आज किती ओळी, किती वेळ, पहाटेचं तापमान किती.
- नियम एकच : सुया घेऊन पळायचं नाही, काम झालं की टोकाला बूच लावायचं.
- शिकवायला आजींना बोलवा. प्रत्येक गावात अशा दोन-तीन आजी असतात, ज्यांच्या सुया कपाटात पडून आहेत. त्यांना शाळेत मानानं खुर्ची द्या.

पालकांना एक विनंती. मुलाचा चौकोन वाकडा होईल, कडेचे टाके कमी-जास्त होतील. हळूच रात्री तो सरळ करून ठेवू नका. आणि सगळ्यांनी मिळून चौकोन विणले, तर ते जोडून एक शाल होते. वर्गाची शाल डिसेंबरच्या थंडीत कुणाला द्यायची, ते मुलांनाच ठरवू द्या. शाळेच्या रखवालदारकाकांचं नाव बहुतेक पहिलं येईल.

कोजागिरीच्या आधी लोकर आणून ठेवा. दुधाला उकळी येईपर्यंत पहिले पंधरा टाके सहज घालून होतात.