जखमी सशाचे काय करावे?

दिंद्रुडसारख्या गावी सशाच्या औषधोपचारावर बोलायचे म्हटले म्हणजे काही श्रोत्यांना हसू येणार, हे आम्ही धरून चाललो आहो. आमच्या बीड जिल्ह्यातून दरसाल लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. तळावर एखाद्याच्या बैलाचा पाय मोडला, तर मुकादमाची उचल आता कशी फिटायची हा विचार आधी येतो. बैलाच्या वेदनेचा विचार मागाहून येतो. त्यात त्या माणसाला दोष देण्यासारखे काही नाही. पण म्हणूनच सशाचा प्रश्न आम्हास अधिक उघडा वाटतो. ससा गाडी ओढत नाही, दूध देत नाही, त्याच्या जिवावर कोणी उचल घेतलेली नसते. तो जायबंदी झाला म्हणजे हिशेबाची सारी कारणे गळून पडतात, आणि पाळलेल्या जिवाचे आपण काय देणे लागतो एवढेच विचारायचे राहते.

समजा, वैशाखातली संध्याकाळ आहे. मुलांचा पांढरा ससा अंगणात सुटला आणि कुत्र्याने त्याला कमरेत धरला. सोडवला तेव्हा तो मागचे पाय ओढीत होता. आजी म्हणते, देवाच्या मनात असेल तसे होईल. वडील म्हणतात, नवा आणू. मुलगी म्हणते, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. आणि शेजारचा एखादा हळूच सुचवतो की शेतात सोडून द्या, सुटेल बिचारा. हा शेवटचा सल्ला दयेचा दिसतो, पण तो सर्वात वाईट. पाळीव ससा म्हणजे आपल्या माळावरचा रानससा नव्हे. त्याची जातच निराळी, मूळ युरोपातली. मोकळ्या शेतात धडधाकट असला तरी तो टिकायचा नाही. शिवाय उपाशी-तहानेने तळमळेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पहिल्या तासाभरात निर्णय घ्यायचाच नसतो, सांभाळायचे असते. सशाचे हाड फार हलके. मांजराच्या सांगाड्याचे वजन शरीराच्या १२-१३ टक्के भरते, तर सशाचे जेमतेम ७-८ टक्के. मागच्या पायांत ताकद मात्र दांडगी. घाबरून त्याने हातातल्या हातात एक लाथ झाडली, तरी त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. म्हणून त्याला कान धरून कधी उचलू नये. पंचात गुंडाळून, ढुंगणाखाली हात देऊन, अंधाऱ्या खोक्यात ठेवावे. घरात निजानीज झाल्यासारखी शांतता हवी. माणसाच्या गोळ्या देऊ नयेत. माणसांना सर्रास दिले जाणारे अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेले तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि त्यापायी ससाही मरू शकतो. आणखी एक गोष्ट : सोडवताना कुत्रा कोणाला चावला असेल, तर ती जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्या माणसाने आधी रेबीजची लस घ्यायला जावे. ससा थोडा वेळ थांबेल.

ससा ओरडत नाही, म्हणून त्याला दुखत नाही असे लोक समजतात. शिकाऱ्याच्या तोंडी पडणारी जात ती; दुखणे लपविणे हेच तिचे संरक्षण. कुबड काढून बसणे, डोळे अर्धवट मिटणे, दात करकर चावणे आणि चारा सोडणे ही त्याची बोली आहे. यांतले चारा सोडणे सर्वात घातक. सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते. दिवसभर पोटात काही गेले नाही आणि लेंड्या पडल्या नाहीत, तर जखमेआधी आतडेच त्याचा घात करते. त्याला ओकारी येत नाही, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी माणसासारखे उपाशी ठेवण्याचेही कारण नाही. वेदना थांबविणारे औषध हे त्याच्या बाबतीत अन्नाइतकेच गरजेचे, कारण दुखणे थांबल्याशिवाय तो खातच नाही.

आता डॉक्टरांना काय विचारावे? पाय मोडला असेल तर आशा बरीच आहे. तीन पायांवर ससे चांगले जगतात. हाड सांधण्यापेक्षा पाय काढून टाकणे बहुधा कमी खर्चाचे पडते, हेही लक्षात ठेवावे. कणा दुखावला असेल तर गोष्ट वेगळी. मागच्या पायाचे बोट हाडापर्यंत दाबून पाहतात. पाय आखडला एवढ्याने भागत नाही, ती नुसती मज्जारज्जूची क्रिया असू शकते. ससा दचकतो का, मान वळवतो का, ते पाहायचे. जाणीव शिल्लक असेल तर सूज उतरेपर्यंत लहान पिंजऱ्यात विश्रांती देऊन काही दिवस वाट पाहण्यात अर्थ असतो. मुळीच नसेल तर आशा फार थोडी. मग लघवी हाताने दाबून काढावी लागते, कातडी भिजून सोलवटते. ससा एरवी आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, तेही त्याला साधत नाही. घाण अंगाला चिकटते, माशा बसतात, उन्हाळ्यात पाहता पाहता अळ्या पडतात. घरातले कोण दिवसातून चारदा त्याला पुसणार, हे त्याच बैठकीत नावानिशी ठरले पाहिजे. ‘आपण सगळे करू’ या ठरावाचे पुढे काय होते, ते संघटनेत राहून आम्ही पुष्कळ पाहिले आहे.

भुलेचा धोकाही विचारून घ्यावा. इंग्लंडात मोठी पाहणी होऊन २००८ मध्ये तिचे आकडे प्रसिद्ध झाले. भूल दिल्यावर दर हजार सशांमागे सुमारे १४ दगावले होते. कुत्र्यांत हे प्रमाण हजारी दोनहूनही कमी निघाले. आधीच आजारी असलेल्या सशांत ते हजारी सत्तरच्या वर गेले होते. आमच्याकडून जवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय परभणीस. वैशाखाच्या दुपारी त्या वाटेला लागणे हा जखमी सशाला दुसरा अपघातच, कारण तिशीच्या पुढचा पारा त्याला सोसत नाही. निघायचे तर पहाटे निघावे.

मरण देण्याच्या गोष्टीला आपल्याकडे लोक बिचकतात. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. डॉक्टरांनी हात टेकल्यावर गांधीजींनी सुई देववून त्याचा अंत करविला आणि ‘नवजीवन’मध्ये तसे उघड लिहिले. त्यांच्यावर संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. त्यावर पुढे त्यांनी ज्या अटी घातल्या, त्यांतली एक आम्हास फार मोलाची वाटते : कोणतीही मदत, कोणतीही सेवा उरलेली नसली पाहिजे. म्हणजे दुखणे थांबविण्याचा उपाय करून पाहिला आहे काय, हा सवाल सुईच्या आधी येतो.

आणि पैसा. नव्या सशाची किंमत एका क्ष-किरण चित्रापेक्षा कमी, हा वडिलांचा मुद्दा खोटा नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा तुटला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली असे धरले होते. ते कोष्टक घेऊन आम्ही वर्षानुवर्षे भांडलो. सशाला असे कोष्टक नाही, आणि खरेदीची पावती त्या जागी धरता येत नाही. पण घरात पैसे नसतील तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. एवढ्यात काय बसते ते त्यांना ठरवता येते. नुसते वेदनाशामक व विश्रांती, पाय काढणे, किंवा शांत मरण, यांपैकी काहीतरी बसतेच. मुलांनाही खरे कारण सांगावे. पैसे पुरले नाहीत हे आठ वर्षांच्या मुलीला कळते. ‘त्याला सोडवले’ असे सांगून आपण तिच्या मनातून डॉक्टरांनाच गुन्हेगार करतो.

मरणच द्यायचे ठरले, तर आधी गुंगी आणि मग भुलेच्या औषधाचा भारी डोस, असा क्रम असावा. तो विचारून घ्यावा. देह खोल पुरावा, नाहीतर कुत्री उकरतात. घरात दुसरा ससा असेल तर पुरण्यापूर्वी त्याला तो देह हुंगू द्यावा. न दाखवल्यास काही ससे जोडीदाराला शोधत राहतात. त्यानंतर चार-आठ दिवस तो किती खातो, लेंड्या किती पडतात, यावर मुलीलाच नजर ठेवायला सांगावे.