खानावळ लावली म्हणून घरची चूल मोडावी काय?

दसरा सरला आणि बोनसाचा आकडा कळला, की मुंबईच्या मध्यमवर्गीय घरात खरेदीची खलबते सुरू होतात. एके काळी या खलबतांत रेडिओ असे. मग शिलाईचे यंत्र आले, मग फ्रिज आला. आता मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गेली, की संगणक येतो. मग गिरगावातले असोत, दादरचे असोत वा परळ-लालबागचे, वडील एखाद्या शनिवारी मुलाला बरोबर घेऊन ग्रँट रोड स्टेशनात उतरतात आणि लॅमिंग्टन रोडची वाट धरतात.

पाटीवर या रस्त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पण १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॅमिंग्टनसाहेबांना मुंबईकरांच्या जिभेवरून खाली उतरवणे अद्याप कोणाला साधलेले नाही. हा रस्ता पूर्वी चित्रपटगृहांचा. १९७५ साली इथल्याच ‘मिनर्व्हा’त ‘शोले’ लागला आणि वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून राहिला. आज ‘मिनर्व्हा’ नाही. परंतु चित्रे दाखवण्याचा धंदा या रस्त्याने सोडलेला नाही. फरक एवढाच, की आता तो ग्राफिक्स कार्डाच्या रूपाने खोक्यात भरून विकला जातो!

तर अशा दुकानात बापलेक उभे राहतात आणि दुकानदार सहज विचारतो, “साहेब, प्रोसेसर एफवाला देऊ की साधा? एफ थोडा स्वस्त पडेल. नाहीतरी कार्ड घेणारच आहात!” मुलगा मान डोलावतो. वडिलांना ‘स्वस्त’ एवढाच शब्द कळतो. आणि त्या एका अक्षरापायी घरात काय आले आणि काय आले नाही, हे कळायला पुढे कधी तरी एखादा अडचणीचा दिवस उजाडावा लागतो. हा लेख त्या वडिलांसाठी आहे. आणि पैशाची पिशवी ज्यांच्या हाती असते, त्या आईसाठी तर विशेषच.

पडद्यामागचा चित्रकार

प्रोसेसर म्हणजे संगणकाचा कारभारी. बेरजा-वजाबाक्या, पत्रव्यवहार, हिशेब हे त्याचे काम. पण केलेला हिशेब आपल्याला दिसायचा कसा? त्यासाठी एक चित्रकार लागतो. हल्लीच्या साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे! हे सारे ठिपके सेकंदाला सामान्यतः साठ वेळा पडद्यावर पाठवावे लागतात. म्हणजे सेकंदाला बारा कोटी चव्वेचाळीस लाख ठिपक्यांची उलाढाल झाली. आपण नुसते पत्र वाचत बसलो, तरी ही उलाढाल चालूच असते.

हा चित्रकार प्रोसेसरच्याच पोटात राहत असेल, तर त्याला अंगभूत ग्राफिक्स म्हणतात. त्याला स्वतंत्र बिऱ्हाड करून दिले, स्वतःची स्मृती, स्वतःचा पंखा आणि विजेची वेगळी जोडणी दिली, की त्याचे ग्राफिक्स कार्ड होते. आपल्या भाषेत बोलायचे तर पहिली घरची चूल आणि दुसरी खानावळ. खानावळीत पंचवीस माणसांचा स्वयंपाक एका वेळी होतो. घरच्या चुलीवर तो होणार नाही. मग प्रश्न असा, की ज्याने खानावळ लावली आहे, त्याने घरात चूल ठेवावी कशाला?

चूल घरात आली कशी?

आरंभी चित्रकार बाहेरचाच होता. आपल्या मुंबईतच टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये ‘टिफ्रॅक’ हे गणकयंत्र १९६० मध्ये सुरू झाले. त्याची उत्तरे टेलिप्रिंटरवर छापून येत. शिवाय आलेख आणि अक्षरे दाखवण्यासाठी त्याला क्ष-किरणाच्या नव्हे, पण साध्या टीव्हीच्या जातीच्या नळीचा एक पडदा निराळा जोडला होता. १९८१ मध्ये आयबीएमचा घरगुती-कचेरीतला संगणक निघाला, त्यालाही पडद्यासाठी वेगळे कार्ड लागे.

मराठी माणसाला तर दुप्पट खटाटोप होता, कारण त्या पडद्याला इंग्रजीखेरीज काही लिहिता येत नसे. कानपूरच्या आयआयटीत ‘जिस्ट’ नावाचे तंत्र तयार झाले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. हे जिस्टचे कार्ड संगणकात बसवले, की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. म्हणजे आपला ‘श्री’ पडद्यावर पाहण्यासाठीही पदरचे पैसे मोडून निराळे कार्ड घ्यावे लागे! पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आतच आली. जी गोष्ट खास गिऱ्हाइकाची होती, ती सर्वांची झाली. मराठीच्या शिक्षकाला या कथेचे मोल अधिक वाटते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

चित्रकाराचेही तसेच झाले. १९९९ मध्ये इंटेलने आपल्या ८१० या चिपसंचात त्याला जागा दिली, म्हणजे तो मदरबोर्डावर येऊन राहिला. २०१० च्या जानेवारीत तो प्रोसेसरच्याच वेष्टनात आला आणि २०११ मध्ये थेट त्याच सिलिकॉनच्या चकतीवर. एएमडी कंपनीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्सची कंपनीच विकत घेतली होती. तिनेही २०११ मध्ये तोच मार्ग धरला. कचेऱ्या, शाळा आणि आपली घरे यांतील संगणकाच्या खर्चातून कार्डाची रक्कम वजा झाली, ती यामुळे.

चूल मोडणारे

मग उलटा वारा सुटला. एएमडीने २०१७ मध्ये ‘रायझन’ प्रोसेसर काढले, त्यांत चित्रकाराला जागाच नव्हती. ती जागा जास्त कारभाऱ्यांना, म्हणजे आठपर्यंत कोअरना, दिली होती. २०१९ च्या जानेवारीत इंटेलनेही ‘एफ’ अक्षराचे प्रोसेसर जाहीर केले. यात गंमत अशी, की त्या चकतीवर चित्रकाराची खोली होतीच. फक्त तिला कुलूप घातले होते. आणि कुलपाच्या खोलीचे छापील भाडे आरंभी उघड्या खोलीइतकेच होते! ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात उतरले.

ज्यांची बाजू खरी आहे, त्यांचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. ज्याला मोठे खेळ खेळायचे आहेत किंवा चलत्चित्रांचे, वास्तुरचनेचे जड काम करायचे आहे, तो दमदार कार्ड घेणारच. त्याच्या घरची चूल बहुतेक थंडच राहणार. न वापरायच्या वस्तूचे पैसे त्याने का द्यावेत? वाचलेल्या पैशात त्याने रॅम वाढवावी, हे उत्तम. हा युक्तिवाद खोटा नाही.

खानावळीला कुलूप लागते तेव्हा

पण खानावळीवर जेवणाऱ्या कोणालाही विचारा. गणपतीला बाई गावी गेल्या की काय होते? त्या दिवशी पिठलेभाताची किंमत कळते.

२०२० ते २०२२ या काळात जगभर तसेच झाले. साथीमुळे माणसे घरात बसली, चिपांचा तुटवडा पडला, आणि ‘इथेरियम’सारख्या चलनाच्या खाणकामासाठी कार्डे घाऊक उचलली गेली. कार्डांचे भाव छापील किमतीच्या कितीतरी वर चढले. इथेरियमने २०२२ च्या सप्टेंबरात ती पद्धत सोडली, तोपर्यंत कित्येकांनी वाट पाहिली. ज्याच्या प्रोसेसरमध्ये चूल होती, त्याचा संगणक त्या काळातही चालू होता. मुलांचे वर्ग त्यावर भरत होते. ज्याच्याकडे ‘एफ’ होता आणि कार्ड नव्हते, त्याच्यापुढे काळा पडदा.

दुसरी गोष्ट बिघाडाची. कार्ड हेही यंत्रच. त्याचा पंखा अडकतो, ते तापते, बंद पडते. घरात चूल असेल तर मॉनिटरची तार कार्डावरून काढून मदरबोर्डावर लावायची, की निदान परीक्षेचा अर्ज भरता येतो आणि दोष कार्डात आहे की अन्यत्र, हेही उमगते. ‘एफ’ प्रोसेसर असला, तर मदरबोर्डावरची ती भोके नुसती शोभेची!

आणि सर्वांत बोलकी साक्ष चूल मोडणाऱ्यांचीच आहे. त्याच एएमडीने २०२२ मध्ये रायझन ७००० ही मालिका काढली, तेव्हा सुरुवातीच्या प्रत्येक प्रोसेसरमध्ये एक छोटे ग्राफिक्स घातले. त्यावर मोठे खेळ चालावेत, असा हेतूच नव्हता. पडदा उजळावा, इतकेच. मोठी चूल नाही, तर निदान शेगडी! पुढे २०२३ मध्ये त्यांनीही एक ‘एफ’ काढला हे खरे, पण शेगडीचा प्रघात राहिला.

विजेचाही विचार करावा. २०२२ मधले एक बडे कार्ड, एनव्हिडियाचे आरटीएक्स ४०९०, साडेचारशे वॅटपर्यंत वीज घेते. जुन्या छतपंख्याला साधारण पंचाहत्तर वॅट धरले, तर हे सहा पंखे झाले. सर्वच कार्डे इतकी खादाड नसतात. पण पत्र लिहायला आणि नाटक पाहायला घरचा चित्रकार फार थोडक्यात भागवतो.

मग घ्यावे काय?

घरात अभ्यास, कचेरीचे काम, हिशेब आणि चित्रपट एवढेच असेल, तर कार्डाची गरज नाही. अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर घ्यावा. मुलाला अधूनमधून हलके खेळ खेळायचे असतील, तर एएमडीचे ‘जी’ अक्षराचे प्रोसेसर पाहावेत. त्यांची चूल मोठी असते. मात्र घरच्या चित्रकाराला स्वतःची स्मृती नसते, तो संगणकाच्या रॅममधूनच वाटा घेतो. म्हणून रॅमची एक मोठी पट्टी घेण्यापेक्षा सारख्या दोन घ्याव्यात. आणि कार्ड घ्यायचेच असेल, तरी ज्या घरात एकच संगणक आहे आणि दुरुस्ती होईपर्यंत थांबणे परवडणारे नाही, त्या घराने फरकाचे पैसे देऊन चूल ठेवावी. ‘एफ’ त्याने घ्यावा, ज्याच्याकडे दुसरा संगणक किंवा पर्यायी कार्ड आहे.

दुकानदार लबाड असतो असे मुळीच नाही. तो अक्षर सांगतो. अर्थ विचारणे आपले काम. बिलावर प्रोसेसरचे पूर्ण नाव लिहून घ्यावे, शेवटचे अक्षर वाचावे आणि मगच पैसे मोजावेत. चार पैसे वाचवणे हा आपल्या मध्यमवर्गाचा गुण खरा. पण चूल मोडून वाचवलेले पैसे पहिल्याच उपाशी रात्री महाग पडतात.