घोड्यात दोन आणे वाटा

रेसआधी घोडे फिरवून दाखवतात त्या पॅडॉकच्या कुंपणाबाहेर शेकडो माणसं हातात ‘कोल’चं रेसच्या माहितीचं पुस्तक उघडून उभी असतात. आतल्या हिरवळीवर मात्र मोजकीच. त्यांतल्या एका घोळक्यात आठ जण आहेत आणि आठही जण एकाच घोड्याकडे पाहताहेत. घोडा एक, मालक आठ. प्रत्येकाचा वाटा रुपयात दोन आणे.

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर रविवारी दिसणाऱ्या अशा घोळक्यातला एखादा मालक रायपूरच्या शंकर नगरातूनही आलेला असू शकतो. छत्तीसगडात रेसकोर्स नाही. मुंबई रेल्वेनं अकराशे किलोमीटरहून अधिक लांब. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात भेटणाऱ्या मित्रांना ‘घोडा घेतलाय’ असं सांगितलं, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे पैसे लावतोस?’ वाटेकऱ्याला फरक समजावून सांगावा लागतो. पैसे लावणाऱ्याचं घोड्याशी नातं दीड-दोन मिनिटांचं असतं. वाटेकऱ्याचं तीनशे पासष्ट दिवसांचं.

घोड्यांची मालकी एकेकाळी बरीचशी राजेरजवाड्यांकडे होती. पहिली इंडियन डर्बी १९४३ साली महालक्ष्मीवर झाली आणि ती ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीनं जिंकली. मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, स्वार ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. दोन वर्षांनी याच महाराजांनी इंग्लंडमध्ये एका शिंगरासाठी २८,००० गिनी मोजल्या. वर्षाच्या शिंगरासाठी तिथे तोवर कुणी एवढी किंमत दिली नव्हती. आजोबांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं ‘सयाजीराव’. १९४७ मध्ये त्यानं इंग्लंडची सेंट लेजर शर्यत जिंकली. एका मराठी राजाचं नाव डॉनकास्टरच्या मैदानावर इंग्रज प्रेक्षकांच्या तोंडी झालं, ते घोड्यामुळे.

संस्थानं गेली, पण घोड्याचा खर्च काही कमी झाला नाही. तबेल्याचं भाडं, दाणा-वैरण, मोतद्दाराचा पगार, ट्रेनरचं मासिक शुल्क, नालबंद, पशुवैद्य असं सगळं दर महिन्याला येतंच, घोडा पळो वा न पळो. म्हणून भागीदारी आली. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या पुणे-मुंबईच्या रेसमध्ये एकटा मालक असतो, तसे भागीदार आणि सिंडिकेटही असतात. क्लबकडे मालकांची नोंद व्हावी लागते आणि जॉकीच्या रेशमी सदऱ्याचे रंगही नोंदवावे लागतात. खर्च वाट्याप्रमाणे वाटून घ्यायचा, आणि बक्षीस मिळालंच तर तेही.

अशा वाट्याचं जगातलं सर्वांत हृद्य उदाहरण वेल्समधलं आहे. तिथल्या एका जुन्या खाणगावात जॅन व्होक्स या कष्टकरी बाईंनी घोडा पाळायचं ठरवलं आणि गावातल्या माणसांना सोबत घेतलं. प्रत्येकानं आठवड्याला दहा पौंड द्यायचे, एवढाच करार. २००१ साली जन्मलेला ‘ड्रीम अलायन्स’ गावातल्या भाजीच्या वाफ्यांशेजारी वाढला. २००८ मध्ये शर्यतीत त्याच्या पायाची कंडरा फाटली. अशा दुखापतीनंतर पुष्कळ घोड्यांना कायमचं झोपवलं जातं. या मालकांनी त्यानंच मिळवलेले पैसे त्याच्या उपचारावर घातले, मूलपेशींचा उपचार करून घेतला. २००९ च्या डिसेंबरात त्यानं वेल्श ग्रँड नॅशनल जिंकली. हिशोब झाल्यावर गावकऱ्यांच्या हाती पडलेली रक्कम लहानच होती.

शंकर नगरच्या वाटेकऱ्यानं महालक्ष्मीला येण्याआधी हा हिशोब समजून घेतलेला बरा. भारतीय रेसमध्ये ‘इल्युसिव्ह पिम्परनेल’ २३ पैकी २२ वेळा जिंकला, ‘स्क्वाँडरर’ १९ पैकी १८ वेळा. ही नावं पिढ्यान् पिढ्या सांगितली जातात, कारण असे घोडे क्वचित होतात. दहा घोडे पळाले तर नऊ हरतात.

रेसचा दिवस खरं तर आदल्या आठवड्यांत घडत असतो. मुंबईचा हंगाम हिवाळ्याचा, पुण्याचा पावसाळ्याचा. त्याप्रमाणे घोडे घाट चढतात, उतरतात. रोज पहाटे, अजून अंधार असताना, ट्रॅकवर सराव सुरू होतो. कधी हलकी दुडकी, कधी दमदार गॅलप. ट्रेनर दुर्बिणीतून पाहतो, घड्याळ लावतो, पण घोड्याला सगळ्यांत जास्त ओळखतो तो मोतद्दार. दाणा उरला का, डोळा उदास आहे का, पुढच्या पायाला ऊब लागते का, हे आधी त्याच्या तळहाताला कळतं.

दुपारी घोडा पॅडॉकमध्ये येतो तेव्हा वाटेकऱ्याला पहिल्यांदा जाणवतो त्याचा आकार. साडेचारशे-पाचशे किलोंचं अंग आणि त्याखाली काठीसारखे पाय. विश्रांतीत त्याचं हृदय मिनिटाला तीस-चाळीस ठोके देतं, पळताना दोनशेच्या वर जातं. कातडी चमकतेय, कान पुढे आहेत. मानेला फार घाम नसला तर बरं, उगाच घाबरलेला घोडा पळण्याआधीच दमतो. जॉकी येतो, टोपीला हात लावून मालकांना नमस्कार करतो. ट्रेनर त्याला हळू आवाजात दोन वाक्यं सांगतो. आठ मालक माना डोलावतात. त्या क्षणी करण्यासारखं त्यांच्या हाती काहीच नसतं.

जॉकीचं वजन खोगिरासकट आधीच झालेलं असतं. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्याला जास्त वजन आणि कमी कर्तबगाराला कमी, म्हणजे सगळ्यांना संधी सारखी. रेस संपल्यावर जॉकी पुन्हा काट्यावर उभा राहतो आणि वजन जुळल्यावरच निकाल पक्का होतो. परदेशी जॉकींचा दबदबा असताना पांडू खाडे यांच्यासारख्या मराठी स्वारांनी याच खोगिरावर नाव कमावलं.

मग दारं उघडतात. बाराशे मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत संपते. पहिला अर्धा भाग दूरवरचा असतो, रंगीत ठिपक्यांचा. वळणावर ठिपक्यांचे सदरे होतात आणि आपला सदरा कोणता ते ओळखू येतं. शेवटच्या दोनशे मीटरला ग्रँडस्टँडमधून उठणारा आवाज अंगावर येतो. तेवढ्यात पैसे लावलेले आणि न लावलेले सगळेच ओरडत असतात.

हा खेळ जुगार की कौशल्य, हा वाद न्यायालयापर्यंत गेला होता. के. आर. लक्ष्मणन खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. तरी पैसे लावण्यावर २०१७ मध्ये २८ टक्के जीएसटी बसला. बक्षिसांचा पैसा बराचसा याच उलाढालीतून येत असल्यानं त्याची झळ मालकांपर्यंत, आणि तिथून तबेल्यापर्यंत पोचते. महालक्ष्मीचं मैदानही बदलतंय. १९१४ चा ९९ वर्षांचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला आणि २०२४ मध्ये १२० एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे गेली.

वाटेकऱ्याला विचारावासा वाटणारा आणखी एक प्रश्न आहे: पळणं थांबल्यावर घोड्याचं काय? शर्यतीची वर्षं थोडी, आयुष्य पंचवीस वर्षांचं. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्ममधले निवृत्त घोडे लस-सीरमसाठी हाफकिन संस्थेला दिले जात. त्यातूनच सायरस पूनावालांना स्वतः सीरम बनवण्याची कल्पना सुचली आणि १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. काही घोडे महालक्ष्मीवरच्या, १९४२ पासूनच्या अ‍ॅमेच्युअर रायडर्स क्लबसारख्या ठिकाणी मुलांना स्वारी शिकवतात. काहींना मात्र घर मिळत नाही. भागीदारीचा करार करताना बक्षिसाची वाटणी सगळे लिहून घेतात. घोड्याच्या म्हातारपणाचा खर्च कुणी द्यायचा, हेही त्याच कागदावर, पहिल्याच दिवशी लिहायला हवं. आठ मालक असले म्हणजे जबाबदारी आठव्या भागाएवढी होत नाही. उलट ‘दुसरा बघेल’ म्हणायला सात माणसं मिळतात.

घोडा जिंकला तर मालक लगाम धरून त्याला आत घेऊन येतात, फोटो निघतो. बहुतेक रविवारी तसं घडत नाही. घोडा चौथा येतो, खोगीर उतरतं, मोतद्दार त्याच्या अंगावर पाणी ओततो आणि श्वास खाली येईपर्यंत त्याला गोल गोल फिरवत राहतो. वाटेकरी थोडा वेळ सोबत चालतो, मग स्टेशन गाठतो.

सोमवारी सकाळी तो अजून गाडीतच असतो. नागपूर मागे पडलेलं असतं आणि तबेल्यात मोतद्दाराला फोन लागतो. कितवा आला ते दोघांनाही माहीत आहे. शंकर नगरला निघालेल्या मालकाचा प्रश्न वेगळा असतो: ‘पाय थंड आहेत ना?’ पलीकडून उत्तर येतं, पाय थंड आहेत आणि रात्रीचा दाणा सगळा खाल्लाय.